रविवारच्या प्रार्थनेत 'नेत्यांसाठी' नेमकं काय मागायचं?

सावेडीकर_मावशी

सलाम मंडळी,

खूप दिवसांनी धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या, मोबाईलवर टाइप करतेय आणि चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय.

आमच्या चर्चमध्ये मराठी उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणं, करायला आम्ही चौघंजण आहोत, पाळीपाळीने, म्हणजे महिन्यातून एकदा नंबर लागतो. क्रम ठरलेला. आधी मंडळीतले आजारी, मग ज्यांच्या घरी दुःख झालंय ते, मग परीक्षेची पोरं, परगावी नोकरीला गेलेली पोरं, पाऊसपाणी, आणि शेवटी 'देश व अधिकारी'. हे शेवटचं वाक्य मी गेली ९ वर्षं जवळजवळ तसंच म्हणत आलेय, "हे प्रभू, आमचे राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री व सर्व अधिकारी यांना ज्ञान व सुबुद्धी दे." झालं, की सगळे मिळून प्रभूची प्रार्थना. मागे एकदा नातवाने गंमत म्हणून मोबाईलवर टाइम लावला. आजाऱ्यांना साडेचार मिनिटं, देशाला ११ सेकंद. घरी आल्यावर मला दाखवून हसत होता, मला मात्र लागलं ते.

आता खरा विषय. निवडणुकीच्या आधी एक उमेदवार आमच्या उपासनेला आले. कुठल्या पक्षाचे ते विचारू नका, सगळ्याच पक्षांचे येतात. पहिल्या बाकावर आमच्या दोन म्हाताऱ्या बसतात वर्षानुवर्षं, त्यांना उठवून तिथे पांढऱ्या कपड्यातली सहा माणसं बसवली. उपासना संपल्यावर त्यांना पुढे बोलावलं, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली की प्रभू या तुझ्या सेवकाला यश दे. फोटो निघाले. दुपारपर्यंत ते फोटो ग्रुपवर, पक्षाच्या चिन्हासकट.

पुढच्या रविवारी नेमका माझा नंबर. मी काही ठरवून गेले नव्हते पण त्या वाक्यापाशी आले आणि तोंडातून निघालं, "प्रभू, आमच्या नेत्यांची आध्यात्मिक वाढ कर, त्यांना स्वतःच्या चुका दिसू दे, पश्चात्तापाचं मन दे." एवढंच. नंतर चहाच्या वेळी कमिटीतले एक काका कप घेऊन जवळ आले आणि हळूच म्हणाले, मावशी, राजकारण वेदीवर आणू नका. मी म्हटलं बरं. उत्तर सुचलं ते संध्याकाळी लसूण सोलताना, की काका, मागच्या रविवारी डोक्यावर हात ठेवला तेव्हा वेदीवर काय आलं होतं मग?

तर विचारायचं हे की तुमच्याकडे नेत्यांसाठी काय मागतात? यश मागायचं, आरोग्य मागायचं, का त्यांचं मन बदलायला मागायचं? आणि 'आध्यात्मिक वाढ' म्हटलं तर त्या माणसात नेमकं काय वाढलेलं दिसायला पाहिजे? पुढचा नंबर तीन आठवड्यांनी आहे.

पेन्शनर_तात्या

मावशी सलाम. छान धागा.

मी ३१ वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यामुळे मला या विषयात एक शब्द फार आवडतो. तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय काढा. प्रेषित पौल सांगतो की सगळ्या माणसांसाठी, राजांसाठी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी "विनंत्या, प्रार्थना, रदबदल्या व उपकारस्तुती" करा. रदबदल्या! आमच्या कचेरीत रदबदली म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत. कुणाची बदली रोखायची, कुणाचा सातबारा अडकलाय, की तो बिचारा कुणीतरी वजनदार माणूस घेऊन यायचा, तो वजनदार माणूस साहेबांच्या टेबलासमोर बसून म्हणायचा, साहेब आपलाच माणूस आहे, बघा जरा. आयुष्यभर आपण नेत्याकडे रदबदलीला जातो. इथे पौल सगळं उलटं करून ठेवतो, नेत्याची फाईल अडकलीय आणि रदबदलीला तुम्ही जा म्हणतो, मावशी तुम्ही, तुमच्या त्या दोन म्हाताऱ्या, मी.

आता रदबदली करणाऱ्याला एक गोष्ट माहीत असावी लागते, आपल्या माणसाचं काम नेमकं कुठे अडलंय. "साहेब याचं भलं करा" म्हणून कुणी रदबदली करत नाही, फाईल नंबर सांगावा लागतो. 'सुबुद्धी दे' ही फाईल नंबर नसलेली रदबदली आहे असं माझं मत.

आणि परंपरेप्रमाणे पौलाने हे लिहिलं तेव्हा रोममध्ये गादीवर नीरो होता. चांगल्या राजासाठीच करा असं म्हणायला जागाच नव्हती.

नगरी_मिरची

तात्या _/\_ फाईल नंबर एक नंबर!

बोळींजकर

आम्ही वसईकडचे कॅथलिक, आमच्याकडे दर रविवारी मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनेत, श्रद्धावंतांच्या प्रार्थना असतात, त्यात एक देशाच्या कारभाऱ्यांसाठी असतेच. पण मला सगळ्यात जास्त आवडते ती गुड फ्रायडेची. त्या दिवशी १० मोठ्या प्रार्थना असतात, चर्चसाठी, पोपसाठी, मग ज्यू लोकांसाठी, ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी, आणि नववी असते सत्तेवरच्या लोकांसाठी. दहावी संकटात असलेल्यांसाठी, म्हणजे आजारी, भुकेले, तुरुंगातले. माझे वडील म्हणायचे नववी आणि दहावी शेजारी शेजारी ठेवल्यात ते बरंय, नववीवाल्यांनी नीट केलं असतं तर दहावीची यादी अर्धी झाली असती.

दुसरं म्हणजे राजकारण्यांना आमच्याकडे आश्रयदाता संतही आहे बरं का, थॉमस मोर. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा चान्सलर, राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिला म्हणून १५३५ साली मुंडकं उडवलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्याला राजकारण्यांचा संत म्हणून जाहीर केलं. आमच्या एका फादरांना मी विचारलेलं की एवढ्या पंतप्रधान-मंत्र्यांमधून यालाच का निवडलं, तर हसून म्हणाले, खुर्ची सोडलेला राजकारणी शोधायला वेळ लागला असेल.

आणि वसईत प्रार्थना नि रस्ता वेगळा नसतो. फादर दिब्रिटोंनी हरित वसईच्या चळवळीसाठी काय केलं ते इथे सगळ्यांना माहिती आहे. मिस्साही द्यायचे आणि बिल्डर-पुढाऱ्यांच्या विरोधात मोर्चातही असायचे.

नास्तिक_नाना

मी या धाग्यावर येऊ का नको विचार करत होतो पण आलोच.

मावशी राग मानू नका. तुम्ही ११ सेकंद केलं काय आणि ११ मिनिटं केलं काय, त्या माणसाला कळणारच नाही की आपल्यासाठी कुणी डोळे मिटलेत. त्यापेक्षा माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाका, १० रुपयांचा स्टॅम्प लागतो, उत्तर तरी येतं. (उशिरा येतं, पण येतं.) दुसरं, 'नेत्यांची आध्यात्मिक वाढ' म्हणजे सरळ भाषेत त्यांनी ख्रिस्ती व्हावं असंच ना? मग आजकालच्या वातावरणात तुमच्या काकांचं घाबरणं मला पटतं.

सावेडीकर_मावशी

नाना, राग कसला, या की. अर्ज मी टाकलेला आहे दोन वर्षांपूर्वी, आमच्या गल्लीच्या ड्रेनेजचा. उत्तर आलं, 'सदर काम पूर्ण झाले आहे'. गटार अजून उघडं आहे. म्हणून म्हटलं आता वरच्या ऑफिसात.

धर्मांतराचं विचारलंत ते बरं केलंत, कारण मलाही त्यावर विचार करावा लागला. पवित्र शास्त्रात दानीएलाचं उदाहरण घ्या. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर, याच्याच देशात दानीएल कैदी म्हणून आणलेला. राजाला स्वप्न पडतं, दानीएल अर्थ सांगतो आणि मग सल्ला देतो, महाराज, नीतीने वागून पापं सोडून द्या, गरिबांवर दया करा. माझ्या देवळात या असं म्हणत नाही. राजा ऐकत नाही, गच्चीवर फिरताना म्हणतो हे एवढं मोठं शहर मीच बांधलं ना, आणि त्याच क्षणी त्याचं डोकं फिरतं, बैलासारखा गवत खातो. (गच्चीवरून स्वतःच्या कामाचे फ्लेक्स बघणारे मला लगेच आठवतात, असो.)

पण खोटं बोलणार नाही, दुसरं उदाहरणही आहे. पौल बेड्या घालून राजा अग्रिप्पासमोर उभा असतो. राजा टोमणा मारतो की थोडक्यात मलाही ख्रिस्ती करायला बघतोयस वाटतं. तेव्हा पौल म्हणतो, थोडक्यात म्हणा नाहीतर पुष्कळ म्हणा, मी देवाकडे मागतो की फक्त तुम्हीच नाही तर इथे ऐकणारे सगळेच माझ्यासारखे व्हावेत, या बेड्या सोडून. तर हो, ख्रिस्ती माणसाच्या मनात तशी इच्छा असते, ती लपवण्यासारखी नाही. पण बघा बेड्या कुणाच्या हातात होत्या. राजाच्या हातात सत्ता, याच्या हातात साखळी, आणि साखळीवाला राजासाठी मागतोय. कुणावर जबरदस्ती करायची ताकद त्याच्याकडे होती कुठे?

पाळकाचा_पोरगा

इथे सगळे पाळकसाहेबांना नावं ठेवणार म्हणून आधीच लिहितो. माझे वडील ३५ वर्षं पाळक होते, खेड्यात आणि तालुक्याला. उमेदवार आला की घरात काय चालायचं ते मी बघितलंय.

समजा तुम्ही म्हणालात डोक्यावर हात ठेवत नाही. मग पुढच्या वर्षी कबरस्तानाच्या भिंतीचा अर्ज त्याच माणसाकडे जाणार. आमच्या इथे दफनभूमीची जागा संपत आली होती, जुन्या कबरींवर दुसरी कबर करायची वेळ, शेजारची पडीक जागा मिळावी म्हणून वडिलांनी ११ वर्षं हेलपाटे घातले. त्या ११ वर्षांत किती जणांच्या डोक्यावर हात ठेवला असेल तुम्हीच मोजा. महाराष्ट्रात आपण २०११ च्या जनगणनेत एक टक्काही भरत नाही. आपली मतं त्यांना नको असतात, फोटो पाहिजे असतो, आणि आपल्याला भिंत. हे बरोबर होतं असं म्हणत नाही मी, पण पाळकाला लाचार म्हणण्याआधी कबरस्तानात एक चक्कर मारून या.

वडील एक मात्र करायचे. यश दे असं कधीच म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "प्रभू, हा माणूस निवडून आला तर याला गरिबाचं ऐकायला कान दे, आणि पडला तर याला शांत झोप दे." एकदा एका उमेदवाराचं तोंड एवढंसं झालेलं ते 'पडला तर' ऐकून! बाहेर त्याची माणसं कुजबुजायला लागली, अपशकुन केला म्हणून. जागा मिळाली शेवटी, पण त्याच्याकडून नाही.

पेन्शनर_तात्या

वा. तुमच्या वडिलांनी पवित्र शास्त्रातला शलमोन राजा बरोबर वाचलेला. गिबोनात देव त्याला म्हणतो माग काय मागायचं ते, आणि तो दीर्घायुष्य मागत नाही, पैसा मागत नाही, शत्रूचा जीव मागत नाही. न्याय करायला समजूतदार मन मागतो. मूळ हिब्रूत तिथे 'ऐकणारं हृदय' असा शब्द आहे. कान दे, अगदी तेच.

वारकरी_पोरगा

मी ख्रिस्ती नाही, आळंदीकडचा आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. ज्ञानोबांच्या पसायदानात हेच नाहीये का? "जे खळांची व्यंकटी सांडो, तयां सत्कर्मी रती वाढो." खळ मरो असं म्हणत नाहीत माउली. त्यांची व्यंकटी, म्हणजे वाकडेपणा, तो गळून पडू दे, आणि चांगल्या कामाची आवड 'वाढो'. मावशींनी विचारलं ना वाढ म्हणजे काय वाढलं पाहिजे, तर माउलींनी तिथे शब्दच 'वाढो' वापरलाय. आमच्याकडे आषाढीला मुख्यमंत्री पूजेला बसतात आणि दरवर्षी विठ्ठलाला पाऊस चांगला पडू दे, शेतकरी सुखी होऊ दे असं साकडं घातल्याची बातमी येते. माझी आजी टीव्हीसमोर बसून म्हणायची, आरं पावसाचं तो बघंल, तू तुझं सांग.

सावेडीकर_मावशी

तुझ्या आजीला माझा सलाम सांग रे बाळा. 'तू तुझं सांग', हे मी लिहून ठेवते.

डॅलसची_मिरजकर

मावशी मी मूळची मिरजेची, वानलेस हॉस्पिटलच्या परिसरातच वाढले, आता २० वर्षं टेक्सासमध्ये. इथे हा विषय म्हणजे आग आहे. ज्या दोन चर्चना मी गेले, एकात एका पक्षाच्या नेत्यासाठी मान खाली घालून प्रार्थना आणि दुसऱ्याच्या नावाला शांतता, आणि दुसऱ्या चर्चमध्ये बरोबर उलटं.

वॉशिंग्टनला १९५३ पासून दरवर्षी प्रार्थनेचा नाश्ता असतो, आयझेनहॉवरपासून प्रत्येक राष्ट्राध्यक्ष गेलाय. मोठं हॉटेल, हजारो माणसं, अंडी-ब्रेड आणि बायबल. बहुतेक वर्षी गोडगोड बोलणं असतं. पण १९७३ चा किस्सा मला माझ्या नवऱ्याने सांगितला, त्याला असल्या गोष्टींचा नाद. त्या वर्षी सिनेटर मार्क हॅटफिल्ड उभे राहिले, निक्सनच्याच पक्षाचे, आणि निक्सन काही फुटांवर बसलेले. व्हिएतनामचा करार होऊन आठवडाही झाला नव्हता, सगळे विजयाच्या मूडमध्ये. हॅटफिल्ड म्हणाले की सत्तेची साथ देणाऱ्या, फक्त आपल्याच राष्ट्राच्या देवाची पूजा करू नका, आणि या युद्धाला पाप म्हणाले, राष्ट्राच्या आत्म्यावर व्रण ठेवून गेलेलं पाप. व्हाइट हाउसवाले चिडले ते चिडलेच. नाथान संदेष्टा आठवा ना, दाविद राजाने दुसऱ्याची बायको घेतली तेव्हा त्याला गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो आणि मग म्हणतो, तो माणूस तूच.

मला वाटतं नाश्त्याला बोलावणं आलं की सगळ्यात अवघड तेच, खायचंही आणि बोलायचंही.

शेवगावचा_मास्तर

मला थोडं कडू लिहायचंय.

आपली नगर जिल्ह्यातली मंडळी बहुतांश कुठल्या वस्तीतून आली ते सगळ्यांना माहीत आहे, लपवायचं कारण नाही. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, त्यात अनुसूचित जातीत फक्त हिंदू. १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. माझ्या सख्ख्या चुलतभावाने दीक्षा घेतली, त्याच्या पोरांना सवलत, माझ्या पोरीला नाही, आडनाव एक, पणजोबा एक, विहीर एक. आणि १९५० पासून दर रविवारी आपण राष्ट्रपतींचं नाव घेऊन त्यांना सुबुद्धी दे म्हणतोय. ७५ वर्षं झाली राव. हे मी देवाला टोमणा म्हणून लिहीत नाहीये. पण एकदाही, एकदाही मी कुठल्या वेदीवरून ऐकलं नाही की प्रभू, तो आदेश बदलायचं मन दे. आपण शब्दच असे निवडतो की कुणाला काही बोचू नये. तात्या म्हणाले तसं, फाईल नंबर आपल्याला पाठ आहे आणि तोच आपण सांगत नाही.

स्तोत्र ७२ वाचा. ती राजासाठीचीच प्रार्थना आहे. त्यात काय मागितलंय? की तो दीनांचा न्याय करील, गरिबाच्या लेकरांना वाचवील, जुलूम करणाऱ्याला चिरडून टाकील. आणि मग राजा कसा असावा तर कापलेल्या गवतावर पाऊस पडतो तसा. शेवगावात राहणाऱ्याला त्या ओळीचा अर्थ वेगळा सांगायला नको. गवत कापून झालंय, मुळं तेवढी राहिलीत, त्यावर पाऊस. राजाचं देवपण, मोठेपण, सगळं या एकाच गोष्टीवर तोललंय की खाली तुडवलेल्याला काय मिळतं.

नगरी_मिरची

मास्तर, वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. +१००

फोर्टवाला

इतिहासाचा किडा असल्याने थोडी भर.

मुंबईत फोर्टला सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, १७१८ साली उपासनेसाठी उघडलं. तिथे इंग्रज लोक १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातून रोज राजासाठी प्रार्थना करायचे. ती प्रार्थना मोठी मजेशीर आहे. पहिल्या अर्ध्यात मागतात की राजाला पवित्र आत्म्याची कृपा भरभरून दे म्हणजे तो तुझ्या इच्छेकडे वळेल आणि तुझ्या वाटेने चालेल. इथपर्यंत झकास. दुसऱ्या अर्ध्यात, त्याला दीर्घायुष्य आणि संपत्ती दे, आणि त्याने सगळ्या शत्रूंना जिंकावं. म्हणजे शलमोनाने जे तीन मागितले नाही नेमके तेच तीन! आणि ते शत्रू कोण, तर त्यात आपलेही पूर्वज आले. पुढे प्रजासत्ताक झालं, राजाच्या जागी राष्ट्रपती आले, १९७० ला नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, उपासना बदलल्या, पण मला वाटतं 'यश दे'ची सवय तिथूनच आलेली असणार.

याच्या उलट जुना माणूस बघा, कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन, साधारण इसवी सन १९७, रोमन सम्राटांचा काळ. ख्रिस्ती लोक सम्राटाच्या पुतळ्याला धूप घालत नाहीत म्हणून देशद्रोही ठरत होते. तो म्हणतो, आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, सम्राटाची प्रार्थना करत नाही. मराठीत नुसत्या एका प्रत्ययाचा फरक, तिकडे मात्र त्यावरून माणसं सिंहापुढे जायची.

आणि एक, वर्णभेदाच्या काळातली दक्षिण आफ्रिका. १६ जून १९८५, सोवेटोच्या पोरांवर गोळीबार झाला त्याला ९ वर्षं झाली म्हणून तिथल्या चर्च परिषदेने प्रार्थनेची हाक दिली, 'अन्यायी राजवटीचा अंत होवो' अशी. तेव्हा बऱ्याच चर्चपुढाऱ्यांनीच हात वर केले की राज्यकर्त्यांसाठी करायची, विरुद्ध कशी करायची. करणाऱ्यांचं म्हणणं असं की इतकी वर्षं त्यांचं मन बदल म्हणून मागितलं, आता मन बदलत नसेल तर खुर्ची बदल. आपल्याकडे २०१८ साली दिल्लीच्या आर्चबिशपांनी निवडणुकीच्या आधी देशासाठी प्रार्थना आणि शुक्रवारचा उपास करा असं साधं पत्र काढलं होतं, त्यावरून टीव्हीवर केवढा गदारोळ झाला आठवतंय ना. तेव्हा तुमच्या काकांची भीती हवेतली नाही मावशी.

नास्तिक_नाना

'साठी' आणि 'ची'. हे आवडलं. आजकाल आजूबाजूला 'ची'वालेच जास्त दिसतात, सगळ्या धर्मांत.

प्रश्न मात्र तोच. वाढ झाली हे ओळखायचं कसं? कपाळावर तर दिसत नाही.

सावेडीकर_मावशी

नाना, तुमच्या या प्रश्नाने मला दोन दिवस पिडलंय. उत्तर संडे स्कूलच्या पोरांना जक्कय शिकवताना मिळालं.

गोष्ट सगळ्यांना माहीत असेल तरी सांगते. जक्कय यरीहोचा जकातदारांचा मुख्य, श्रीमंत, बुटका. येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो. येशू म्हणतो खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचंय. लोक कुरकुरतात. मी पोरांना विचारलं, जक्कय बदलला हे कशावरून? एक म्हणाला तो झाडावरून उतरला. एक म्हणाली त्याने जेवायला दिलं. मग मागच्या बाकावरचा एक, दुसरीतला आहे, त्याचा बाप हमालीला जातो, तो म्हणाला, "त्याने पैसे परत दिले."

बघा ना. जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धं धन गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. रडला असं लिहिलेलं नाही, गाणी म्हटली असं लिहिलेलं नाही. आकडा लिहिलाय. पुढाऱ्याची आध्यात्मिक वाढ मला आता तिथे दिसते, परत आलेल्या पैशात, परत घेतलेल्या केसमध्ये, "माझं चुकलं" अशा जाहीर वाक्यात. नाना, यातलं सगळं तुमच्या माहिती अधिकारातही तपासता येईल.

फक्त एक खुपतंय. हे मी वेदीवरून म्हणाले आणि सोमवारी नातवाच्या अॅडमिशनसाठी त्याच माणसाचं पत्र मागायला गेले तर? मागच्या वर्षी गेले होते. खोटं कशाला बोलू.

पाळकाचा_पोरगा

मावशी हे कबूल करणारी पहिली व्यक्ती तुम्ही या धाग्यावर. आम्ही सगळेच गेलोय.

बोळींजकर

मी नाही गेलो. (माझा मेव्हणा गेला, माझ्यासाठी.)

पेन्शनर_तात्या

बोळींजकर :D
मावशी, तुमचा नंबर कधी आहे? झाल्यावर कळवा.

सावेडीकर_मावशी

कळवते. काल झाली माझी पाळी.

या वेळेस कागदावर लिहून नेलं, नाहीतर तोंडातून भलतंच निघायचं. आजाऱ्यांची यादी वाचली, मग देशाचं. नाव कुणाचंच घेतलं नाही, पद घेतलं, राष्ट्रपतींपासून सुरुवात करून आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकापर्यंत खाली आले, कारण वरच्यांसाठी मागणं सोपं असतं, ते काही रस्त्यात भेटत नाहीत. मागितलं ते असं, की यांना ऐकणारं मन दे, एकटे असताना स्वतःकडे बघायचं धैर्य दे, ज्याचं घेतलंय त्याचं परत करायची ताकद दे, खोटी स्तुती करणाऱ्यांपासून राख, आणि आम्हीच ते असलो तर आमचंही तोंड बंद कर. मग मास्तरांचं वाक्य घेतलं, १९५० चा आदेश असं साल घालून. ते वाचताना आवाज जरा कापला. मागच्या बाकांवरून दोन-तीन आमेन आले, नेहमीच्या जागी नाही, मध्येच.

संपवून मी थांबले, सगळे प्रभूची प्रार्थना सुरू करणार एवढ्यात आमचे एक आजोबा आहेत, कानाने अधू, त्यांना वाटलं अजून यादी चालू आहे, ते मोठ्याने म्हणाले "आणि नळाला पाणी!" सगळं चर्च हसलं, पाळकसाहेबही. आमेन मात्र त्याला सगळ्यात जोरात झालं. नातवाने टाइम लावलाच होता, २ मिनिटं ४० सेकंद, पाण्यासकट.

चहाला ते कमिटीवाले काका आले. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी कागद मागितला, चष्मा वर करून उभ्यानेच पूर्ण वाचला, ते खोट्या स्तुतीचं वाक्य दोनदा वाचलं असं मला वाटलं. मग म्हणाले पुढच्या रविवारी माझा नंबर आहे, याची झेरॉक्स मिळेल का. एक ओळ मी खोडणार आहे पण. कुठली ते सांगितलं नाही.

नगरी_मिरची

मावशी कागदाचा फोटो टाका ना इथे, वाखू (वाचनखूण) साठवतो.

शेवगावचा_मास्तर

मावशी, साल घालून म्हणालात? खरंच?

सावेडीकर_मावशी

हो मास्तर, साल घालून, तारीखसुद्धा. कागद काकांकडे गेलाय, झेरॉक्सवाला सोमवारी बंद असतो म्हणे. परत आला की नातवाला फोटो काढायला सांगते. आता जाते, गॅसवर दूध आहे.